स्क्रीनछपाईचे पोस्टर : आधी कागद, मग शाई

कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या टेमघरला कापडाविषयी विचारायला गेलात, तर कोणीही तासभर बोलेल. सूत किती नंबरचे, ताण्याला खळ किती, ग्रे कापड प्रोसेसला कुठे जाते, छपाईत रंग का उतरतो, हे सगळे इथल्या माणसाच्या तोंडी असते. भिवंडीचे यंत्रमाग पिढ्यांपासूनचे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचे बरेचसे काम या मागांकडे वळले. अशा गावात शाळेच्या नाट्यस्पर्धेसाठी, वाचनालयाच्या वर्षपूर्तीसाठी किंवा एखाद्या चित्रकाराच्या पहिल्या प्रदर्शनासाठी स्क्रीनने पोस्टर छापायचे ठरले, की चौकट, जाळी, रबर, छापणारा हात हे सगळे जवळपास मिळते. अडते ते कागदावर. कापडावर छापणाऱ्याला कापड वाचता येते, पण कागदाच्या दुकानात गेल्यावर तोच माणूस ‘चांगला जाड दाखवा’ एवढेच म्हणतो. दुकानदार गुळगुळीत आर्ट कार्ड काढून देतो आणि निम्मा बिघाड तिथेच ठरून जातो.

स्क्रीनने छापलेल्या पोस्टरचा कागद कसा निवडावा, आणि छापून झाल्यावर त्यावर वार्निश, लॅमिनेशन, फॉइल यांपैकी काय करावे किंवा करू नये, या सगळ्या प्रश्नाचा हा आढावा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. पोस्टर कुठे राहणार यावर कागद ठरतो, कागदावर शाई ठरते, आणि फिनिशिंगचा विचार सर्वांत शेवटी येतो. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. ‘वर यूव्ही मारू, झळकेल’ हे आधी ठरते आणि कागद मागून येतो.

या छपाईचा इतिहासही कापडाशीच बांधलेला आहे. चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीतून रंग ढकलायचा, ही पद्धत सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये पेटंट केली. रेशमाची जागा पुढे पॉलिएस्टरच्या एकेरी तंतूने घेतली. १९६२ पासून अँडी वॉरहॉल यांनी हे तंत्र कॅनव्हासवर नेले. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी रात्रीत शेकडो पोस्टरे काढली, तीही स्वस्त, पातळ, मिळेल त्या कागदावर, बहुधा एकाच रंगात. ती पोस्टरे भिंतीवर काही दिवस टिकली तरी काम झाले, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कागदाची निवड त्या हिशेबाने अगदी बरोबर होती.

आपल्याकडे पोस्टरची आणि छापील चित्राची परंपरा शिळाछापाची आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफना तैलचित्राची झळाळी यावी म्हणून वरून वार्निश दिले जाई. काही घरांनी तर लक्ष्मी-सरस्वतीच्या साड्यांवर खरी जर आणि टिकल्या शिवून घेतल्या. फिनिशिंगची हौस आपल्याकडे इतकी जुनी आहे! पण आज ही चित्रे जुन्या वाड्यांतून बाहेर येतात तेव्हा वार्निश पिवळे-तपकिरी पडलेले असते आणि मूळचा निळा हिरवट दिसतो. जरीचा तुकडा मात्र शाबूत असतो. १९२० च्या दशकात बाबूराव पेंटर यांनी आपल्या चित्रपटांसाठी चित्रमय पोस्टरे केली, पुढच्या काळात कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे अशी रेखली की अक्षर पाहून नाटक ओळखावे. शेडगे यांची ठाम, सपाट रंगात उभी राहणारी अक्षरे स्क्रीनछपाईला किती योग्य आहेत, हे कोणत्याही स्क्रीन छापणाऱ्याला पाहताक्षणी कळेल.

आता मुद्द्याकडे. पोस्टरचे साधारण तीन संसार असतात. एक भिंतीवर खळीने चिकटवायचे, दुसरे आतल्या फलकावर महिनाभर लावायचे, तिसरे चौकटीत घालून वर्षानुवर्षे ठेवायचे. पहिल्याला ८० ते १०० जीएसएमचा मॅपलिथो कागद पुरतो, किंबहुना तोच हवा. कागद खळीत भिजून भिंतीच्या खडबडीवर बसला पाहिजे. जाड कार्ड भिंतीवरून कोपऱ्यांनी उठते आणि वाऱ्याने फाटते. (कुणाच्याही भिंतीवर परवानगीशिवाय चिकटवणे १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. हे दोन्ही चौकटीवर फिल्म लावायच्या आधी आठवावे.) दुसऱ्याला १३० ते १७० जीएसएम ठीक. तिसऱ्यासाठी २५० ते ३०० जीएसएमचा, कोटिंग नसलेला, आम्लरहित कागद. इथे पैसे वाचवू नयेत.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. जाडीशी त्याचा संबंध आहे, पण तो सरळ नाही. दाबून गुळगुळीत केलेला ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड आणि तेवढ्याच वजनाचा सुती हातकागद शेजारी ठेवा, हातकागद स्पष्ट जाड लागेल. हिशेबासाठी एक सूत्र लक्षात ठेवावे : लांबी आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणावी, त्याला जीएसएमने गुणून २०,००० ने भागावे, की ५०० तावांच्या रिमचे वजन किलोत मिळते. २० × ३० इंचाचा ताव ५०.८ × ७६.२ सेंमी.चा असतो. १०० जीएसएमला त्याचा रिम १९.३५ किलो भरतो आणि ३०० जीएसएमचा एक ताव ११६ ग्रॅमचा. कागद किलोवर विकला जातो, तेव्हा हे गणित येत असेल तर दुकानात कोणी फसवू शकत नाही. रिम घेताना किमान दहावा हिस्सा वेस्टेज धरावे. तीन रंगांचे काम असेल तर त्याहून जास्त, कारण तिसऱ्या रंगाला बिघडलेला ताव आधीचे दोन रंगही घेऊन जातो.

बाजारात समोर येणारे बाकीचे कागद थोडक्यात असे. न्यूजप्रिंट पत्रकाला ठीक, पण त्यातल्या लिग्निनमुळे उन्हात तो भराभर पिवळा पडतो. क्राफ्टचा तपकिरी रंग देखणा आहे, त्यावर काळा आणि पांढरा दोनच रंग छापा. पिवळा किंवा गुलाबी हवा असेल तर खाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, म्हणजे एक चौकट वाढली. रंगीत कागद घेतला तर पार्श्वभूमीचा रंग फुकट मिळतो, मात्र त्यातला डाय उडतो. डुप्लेक्स बोर्डाची पाठ करडी आणि घडीवर तडकणारी, त्यामुळे तो खोक्यांसाठीच बरा. आर्ट पेपर आणि आर्ट कार्ड ऑफसेटसाठी बनलेले आहेत. त्यांच्या मातीच्या कोटिंगवर पाण्याची शाई वरवर बसते, नखाने खरवडते, आणि पावसाळ्यात गठ्ठा करून ठेवले तर ताव एकमेकांना चिकटतात. आर्ट कार्डच घ्यायचे असेल तर सॉल्व्हंटची शाई घ्यावी. माझे मत आर्ट कार्डाच्याच विरोधात आहे.

पांढरेपणाबद्दलही सावध असावे. दुकानात सर्वांत पांढरा वाटणारा कागद बहुधा ऑप्टिकल ब्राइटनर घातलेला असतो. तो अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत देतो. त्यावर छापलेला पिवळा थंड दिसतो, आणि काही वर्षांत ब्राइटनरचा जोर संपला की कागद मळकट होतो. साईसारखा किंचित पिवळसर पांढरा कागद घेतला तर तो आज दिसतो तसाच पुढेही दिसेल.

या प्रश्नाचा खरा गाभा मात्र हवेत आहे. कागदाविषयीची बहुतेक पुस्तके कोरड्या, थंड खोल्यांत लिहिलेली आहेत. तिथे कागद ५० टक्के आर्द्रतेला स्थिर राहतो. ठाणे जिल्ह्यात जुलैमध्ये आर्द्रता ८०-८५ च्या घरात असते, कधी त्याहूनही वर. कागद म्हणजे तंतूंची गादी. तंतू पाणी पिऊन लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एका दिशेने झोपलेले असतात, त्यालाच छापखान्यात ग्रेन म्हणतात. म्हणून असा कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने वाढतो, उभ्या दिशेने जेमतेम. ७६ सेंमी.चा ताव आडवा पाव टक्का जरी वाढला, तरी जवळपास २ मिलीमीटरचा फरक पडतो. सकाळी लाल छापला, दुपारी पाऊस आला, संध्याकाळी काळा छापायला घेतला, की कडेला पांढरी रेघ उघडी पडते. छापणारा खुणा पुन्हा पुन्हा तपासतो, चौकट सैल झाली म्हणून बिजागऱ्या आवळतो. बदललेला असतो तो कागद.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. छापायच्या खोलीत कागद किमान एक दिवस आधी रिमचे वेष्टन काढून, थोडा-थोडा करून, हवा लागेल असा ठेवावा. सगळे रंग शक्यतो एकाच हवामानात, लागोपाठच्या दिवसांत संपवावेत. मध्ये थांबावे लागले तर ताव प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावेत. ताव विकत घेतानाच ग्रेन पाहावी : एक चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती ग्रेनची दिशा. पोस्टरची लांब बाजू ग्रेनच्या दिशेने असेल तर लांबीतली वाढ कमी राहते आणि रुंदीतली वाढ लहान अंतरावर होते. आणि रचना करतानाच एका रंगाची कड दुसऱ्या रंगाखाली अर्धा ते एक मिलीमीटर सरकवून ठेवावी. पावसाळ्यातल्या कामाला ही माया थोडी जास्त द्यावी. हिवाळ्यात हीच पोस्टरे निम्म्या त्रासात छापून होतात, त्यामुळे तारीख आपल्या हातात असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच छपाईचा हंगाम समजावा.

हातकागदात ग्रेन जवळजवळ नसते. साच्यावर लगदा हलवून ताव उचलला जातो, तंतू चारी दिशांना पसरतात, त्यामुळे तो वाढला तरी सगळीकडे सारखा वाढतो. दमट किनारपट्टीत अनेक रंगांच्या कामाला हातकागद घ्यावा असे मी म्हणतो ते भावनेपोटी म्हणत नाही. महाराष्ट्राला या कागदाची मोठी परंपरा आहे. जुन्नरचा कागद मराठी दप्तरांत वापरला गेला, दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके कागद बनत आला, आणि १९४० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागद करण्याचे तंत्र नव्याने उभे केले. सुती तंतूत लिग्निन नसते, म्हणून कागद पिवळा पडत नाही. कापडाच्या कात्रणांतून कागद उभा राहतो ही गोष्ट भिवंडीच्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही.

मात्र प्रत्येक हातकागद छपाईला चालत नाही, आणि इथे खळीचा मुद्दा येतो. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ दिली नाही तर मागावर धागा घासून तुटतो, हे टेमघरला सगळे जाणतात. कागदालाही तशीच खळ लागते, त्याने शाई शोषण्याचा वेग आवरावा म्हणून. जुन्या कागदांना तांदळाची किंवा गव्हाची खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत असत, त्यामुळेच बोरूच्या टोकाखाली मोडीचे वळण फुटत नसे. आजच्या चांगल्या छपाई कागदात लगद्यातच उदासीन साइझ मिसळतात. स्वस्त कागदात तुरटी आणि राळेची साइझ असते, ती आम्ल असल्याने कागद काही दशकांत ठिसूळ होतो. खळ कमी असलेला भेटकार्डाचा मऊ हातकागद पाण्याची शाई टीपकागदासारखा ओढतो. रंग मंद पडतो, कडा पसरतात, ताव लहरतो. परीक्षा सोपी आहे : पेनाच्या शाईची एक बारीक रेघ ओढा. कडा पिसारल्या तर तो कागद पाण्याच्या शाईला नको. पाण्याचा एक थेंब टाका. तो क्षणात आत गेला तर कागद ठेवून द्या, मिनिटभर वर उभा राहिला तर पुढे बोला.

घरात ठेवताना खळीचा एक तोटाही आहे. कसर आणि झुरळांना ती आवडते. म्हणून तांदळाच्या खळीचा जुन्या पद्धतीचा कागद दमट घरात चौकटीशिवाय ठेवू नये.

शाईविषयी थोडक्यात बोलतो, कारण कापडावर छापणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. कापडाची प्लास्टिसोल कागदावर वापरू नये. तिला पक्के व्हायला सुमारे १५० अंशांची उष्णता लागते. कागदाला पाण्याची अॅक्रिलिक शाई किंवा हवेत वाळणारी सॉल्व्हंट शाई. सॉल्व्हंट कोटेड कागदावर पक्की बसते, पण तिच्या वाफेने बंद खोलीत डोके धरते आणि ती फुप्फुसांना घातक आहे. घरातल्या, मुलांच्या हातच्या कामाला पाण्याचीच शाई घ्यावी. मे महिन्यात ती जाळीतच वाळते, तेव्हा तीत रिटार्डर घालावा आणि प्रत्येक छाप झाल्यावर चौकटीवर शाईची पातळ चादर ओढून ठेवावी. पावसाळ्यात उलटा त्रास होतो, रॅकवरचे ताव दिवसभर चिकट राहतात. बाहेर लावायचे असेल तर रंगद्रव्य उन्हाला टिकणारे घ्यावे. फ्लोरोसंट गुलाबी आणि केशरी सर्वांत आधी उडतात.

जाळीचा नंबर कागदाबरोबर बदलतो. सपाट रंगाला सेंटीमीटरला ७७ ते ९० धाग्यांची जाळी, बारीक रेषा आणि ठिपक्यांना १२०. या १२० च्या जाळीतूनही ओल्या शाईचा पंधरा मायक्रॉनच्या आसपास थर बसतो, ऑफसेटचा थर एक-दोन मायक्रॉनचाच असतो. हाच तो जाड, बोटाला लागणारा रंग, ज्यासाठी कोणी स्क्रीनकडे येते. खडबडीत हातकागदावर थोडे मऊ रबर वापरावे, म्हणजे ते खोलगट जागेतही शाई पोहोचवते.

देवनागरीचा विचार इथे वेगळा करावा लागतो. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्य’ यांच्या पोटातल्या लहान जागा शोषणाऱ्या कागदावर भरून जातात. रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे ठेवायची असतील तर शिरोरेषा जाड ठेवावी आणि अक्षरांची पोटे थोडी मोकळी करून घ्यावीत. निवडलेल्या कागदावर सर्वांत लहान मजकुराची एक चौकट आधी छापून पाहावी. तारीख आणि वेळ वाचता आली नाही तर पोस्टर कितीही देखणे असले तरी सभागृह रिकामे राहते.

आता फिनिशिंग. पहिली गोष्ट, स्क्रीनच्या शाईतच फिनिश असते. पारदर्शक बेस घालून दोन रंग एकमेकांवर छापले की तिसरा रंग मिळतो. मॅट काळ्यावर चमकदार पारदर्शक थर दिला की तेच अक्षर फक्त तिरप्या उजेडात दिसते. लग्नपत्रिकेवर आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जो स्पॉट यूव्ही म्हणून मिळतो, तोही पुष्कळदा स्क्रीननेच लावलेला असतो. म्हणजे बाहेर पैसे देऊन घ्यायची वस्तू आपल्याच चौकटीत आहे. सोनेरी-रुपेरी पावडरीला ७७ च्या आसपासची जाळी लागते, चमकीला त्याहून बरीच मोठ्या छिद्रांची. हॉट फॉइलला धातूचा ब्लॉक लागतो, त्यामुळे पन्नास-शंभर प्रतींना तो परवडत नाही. एम्बॉसिंग जाड सुती कागदावर फार सुंदर उठते, पण ते सगळी शाई पूर्ण वाळल्यावर, शेवटी करावे.

लॅमिनेशनला माझा स्पष्ट विरोध आहे. प्लास्टिकची फिल्म चढली की कागदाचा स्पर्श आणि शाईचा उठाव दोन्ही गेले, राहते ते कुठल्याही फ्लेक्ससारखे पृष्ठ. शिवाय फिल्म एका बाजूने कागदाचे तोंड बंद करते. पावसाळ्यात मोकळी पाठ ओल पिऊन वाढते, फिल्मची बाजू वाढत नाही, आणि पोस्टर नळीसारखे गुंडाळते. फिल्म लावलेला कागद पुन्हा लगद्यात घालणेही अवघड होते. ज्या पोस्टरला रोज ओले हात लागणार, दवाखान्याच्या किंवा उपाहारगृहाच्या भिंतीवर राहणार, तेवढ्यापुरते लॅमिनेशन समजण्यासारखे आहे. अशा पोस्टरला स्क्रीनछपाईची गरज मात्र नाही, डिजिटल छपाई पुरेल.

ठेवायच्या पोस्टरला सर्वांत चांगले फिनिशिंग म्हणजे रुंद कोरा समास, तावाची मूळची फाटरी कड तशीच ठेवलेली, आणि खाली पेन्सिलने प्रतिक्रमांक व सही. पेन्सिल कोटिंग नसलेल्या कागदावरच नीट उठते. चौकट करताना काच कागदाला टेकू देऊ नये, मध्ये आम्लरहित माउंट घालावा, पाठीला उघडा प्लाय लावू नये आणि बाहेरच्या, पावसाने भिजणाऱ्या भिंतीवर ते टांगू नये. बुरशी तिथूनच सुरू होते.

एक गोष्ट कागदाबाहेरची आहे, पण ती टाळता येणार नाही. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जाते. त्याच गावात चौकटी धुतल्या जातात. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमध्ये बायक्रोमेट असते, आणि त्यातले क्रोमियम विषारी, कर्करोगकारक आहे. धुण्याचे पाणी गटारातून कामवारी नदीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन थोडे महाग पडते, तरी तेच वापरावे. चौकटीवरची उरलेली शाई आधी खरवडून डब्यात भरावी, मग चौकट धुवावी.

थोडक्यात निवड करायची झाली तर या भागासाठी मी अशी करीन. भिंतीला ९० जीएसएम मॅपलिथो आणि एक गडद रंग. सभागृहाला १५० जीएसएमचा साईच्या रंगाचा कोटिंग नसलेला कागद आणि दोन रंग. घराला ३०० जीएसएमचा, नीट खळ दिलेला, दाबून सपाट केलेला सुती हातकागद, पाण्याची शाई, वर काहीही नाही.

आणि रिम घेण्याआधी दुकानदाराकडून प्रत्येक कागदाचे दोन-दोन ताव मागून घ्या. एकावर तुमचीच शाई छापा, दुसरा कोरा ठेवा, आणि दोन्ही आठवडाभर खिडकीशेजारी टांगून मगच पैसे द्या.